खाऱ्या पाण्यावरचा पंखा

आमच्या घरात एकेकाळी समुद्र होता असं मी सांगायला लागले की माझी मुलं एकमेकांकडं बघतात आणि थोरला जरा काळजीनं विचारतो, "लोहाऱ्यात?" हो, लोहाऱ्यातच. तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत आमच्या पत्र्याच्या तीन खोल्या होत्या, त्यातली एक बैठकीची, शहाबादी फरशी घातलेली. त्या बैठकीत, भिंतीला लागून, अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच असा समुद्र होता. त्याला भरती नव्हती. ओहोटी मात्र रोज यायची, उन्हाळ्यात दिवसाला बोटभर, आणि त्या ओहोटीनंच पहिल्यांदा माझी अक्कल काढली. तोवर मी हुशार आहे असा माझा आणि आमच्या विज्ञानाच्या बाईंचा समज होता. बाईंचा पुढंही राहिला, कारण त्यांना हे कुणी सांगितलं नाही.

समुद्र आणला सुलूआत्यानं. सुलूआत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. तिला दिली होती लांब कोकण किनाऱ्यावर. पाहुण्यातल्या पाहुण्यानं स्थळ आणलं तेव्हा आजोबांनी विचारलं होतं, मुलगा काय करतो. मासे पाळतो, असं उत्तर आलं. आमच्या घरात मासळी कधी शिजलेली नाही, त्यामुळं आजोबांनी पुढं केलेलं पान मागं घेतलं म्हणतात. मग मध्यस्थानं खुलासा केला, खायचे नव्हेत, बघायचे. मासे बघायला माणसं पैसे देतात ही गोष्ट आजोबांना इतकी गमतीची वाटली की त्या हसण्यातच सुपारी फुटली. विनायकमामा (आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात) समुद्रातले शोभेचे मासे काचेच्या पेट्यांत वाढवायचे आणि बाहेरगावी पाठवायचे. बारा वर्षं संसार झाला, मूल झालं नाही, आणि एका वैशाखात मामा काविळीनं गेले. घर दिरांचं होतं. त्यांनी तिला जा म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. फाल्गुनात ती माहेरी आली ती टेम्पोतून. टेम्पोत एक ट्रंक, गोधडीत गुंडाळलेली काचेची पेटी, समुद्राच्या पाण्यानं भरलेला निळा ड्रम, आणि झाकणाला भोकं पाडलेल्या बादलीत दोन नारंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे असलेले. एक जरा मोठी मादी, एक धाकला नर. मामांनी अंड्यातून वाढवलेल्यांपैकी एवढेच उरले होते. बाकीच्या पेट्या दिरांनी विकून टाकल्या होत्या.

गल्ली जमली. शेजारच्या शेवंतामावशीनं बादलीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "एवढुशानं काय व्हतंय गं सुले? चौघांना पुरायचे न्हाईत." आत्यानं बादली अशी धरली होती जशी ओली बाळंतीण बाळ धरते. आई दारातच उभी होती, पदर नाकाला लावून. आमची आई मासळी बाजाराच्या रस्त्यानं कधी गेली नाही, उमरग्याला जायची वेळ आली तर लांबचा वळसा घ्यायची. पण नणंदेला दारातून आत घेताना तिनं भाकरतुकडा ओवाळला, आणि क्षणभर थांबून बादलीवरूनही ओवाळला. मग तिला स्वतःचाच राग आला असावा, कारण त्या दिवशी भाजीत मीठ पडलं नाही.

पाणी तापलं की हे मासे जगत नाहीत, हे आत्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. सत्तावीस अंशांपर्यंत ठीक, तीस म्हणजे ताप, त्याच्यापुढं बोलायचं काम नाही. आणि आमच्याकडं चैत्रातच पत्रा असा तापतो की मांजर त्याच्यावरून चालताना एकेक पाय झटकत चालतं. पाणी गार करायचं यंत्र मिळतं, पण ते घ्यायचं तर आधी घर विकायला लागलं असतं. आत्या म्हणाली, "पंखा लावायचा. पाण्याच्या अंगावरून वारा गेला की पाणी गार होतं, माठ गार होतो तसं. तिकडं आमची हवाच ओली. ह्यांनी चार-चार पंखे लावले तरी पाणी ढिम्म हलायचं नाही. इथला वारा कोरडा आहे गो, इथं एका पंख्यात काम होईल." लोहाऱ्याच्या हवेचं असं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं आणि नंतरही केलेलं मला आठवत नाही. अण्णांना तर ते मनापासून आवडलं. फक्त घरात टेबलफॅन एकच होता, आणि तो रात्री अण्णांच्या उशाला असायचा.

अण्णा तहसील कचेरीसमोर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसायचे आणि लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. दिवसभर अर्ज करून त्यांची बोलण्याची भाषाच तशी झाली होती. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "विषय, दोन माशांना पंखा मिळणेबाबत. अर्जदार सुलोचनाबाई यांची मागणी रास्त असून, मूळ पंखाधारक उघड्यावर झोपण्यास तयार आहे. सबब अर्ज मंजूर." तेव्हापासून टेबलफॅन पेटीशेजारच्या स्टुलावर गेला आणि अण्णा अंगणात बाजेवर. आई म्हणाली, "माणसांपरीस मासे बरे, निदान घोरत तरी न्हाईत."

दिवसा सहा-सहा तास वीज नसायची, त्याचा तोडगा रशीदचाचांनी काढला. एस.टी. स्टँडजवळ त्यांचं टपरीवजा दुकान होतं, काळ्यापिवळ्या जीपांचं वायरिंग आणि कूलरची दुरुस्ती. जीपच्या ड्रायव्हरसमोर एक वीतभर पंखा असतो ना, देवाच्या फोटोशेजारी फिरत असतो तो, तसले दोन जुने पंखे त्यांनी आणले, पेटीच्या काठाला क्लिपांनी अडकवले आणि खाली ट्रॅक्टरची बॅटरी ठेवून तारा जोडल्या. पंखे किती वाकडे धरायचे यावर त्यांची आणि आत्याची अर्धा तास चर्चा झाली. "भाबी," ते आईला म्हणाले, "हवा तिरपीच पायजे. सरळ मारली तर मासे शिंकायला लागतील, मंग त्यांना तुम्ही काढा पाजणार का?" आईनं चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "पाजीन की. माझ्या हातचा काढा पिऊन माणसं जगली, मासे न्हाई जगायचे?" मासे उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून पेटीवर आईच्या जुन्या पातळाचा जाळीदार तुकडा ताणून बांधला. ते पातळ कुठलं हे आईला चार दिवसांनी कळलं.

त्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या दिसतात. खिडकीला ओलं पोतं लावलेलं, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि बैठकीत ते दोन छोटे पंखे घुईघुई करत फिरायचे. त्या वाऱ्यानं पाण्याच्या अंगावर बारीक शहारा उठायचा आणि पोत्याच्या फटीतून आलेलं ऊन त्यावर पडून छतावर हलत्या जाळ्या विणायचं. मी फरशीवर पाठ टेकून पडायची. फरशी गार, वर हलतं छत, नाकात ओल्या पोत्याचा आणि एक अनोळखी, जरा कुबट, पण न आवडणारा म्हणता येणार नाही असा वास. डोळे मिटायला लागले की मला वाटायचं, घराच्या पत्र्यापर्यंत पाणी चढलं आहे, अण्णांचा टाइपरायटर तळाशी टकटक करतो आहे, त्याच्या अक्षरांच्या पट्ट्यांमधून मासे ये-जा करतात, आणि आई पाण्यातच भाकरी थापते आहे, पीठ धुरासारखं वर जातं आहे. जाग आली की गालावर फरशीची रेघ उमटलेली असायची. आत्या पेटीशेजारी भिंतीला टेकून बसलेली असायची. तिला पाहून असं वाटायचं की ती कुणाची तरी वाट बघते आहे आणि ते येणार नाही हे तिला माहीत आहे, पण बसायची सवय मोडत नाही. आज त्या वयाची मी झाले आहे. आता कळतं की ती वाट बघत नव्हती, दुपार काढत होती.

त्या वर्षी पाण्याचे हाल होते. नळ कोरडे, बोअरचं पाणी भांडी घासायच्या लायकीचं, आणि गोडं पाणी म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी येणारा टँकर. माणशी दोन घागरी मोजून. घरात प्यायच्या पाण्यावर आईचं बारीक लक्ष असायचं. मी तोंड धुवायला माठात तांब्या घातला तर ती स्वयंपाकघरात पाठमोरी बसूनसुद्धा ओळखायची. आत्याला कुणी काही बोललं नाही, पण ती स्वतःला पाहुणी समजत होती. पाहुणी, आणि वर दोन जीव घेऊन आलेली. तिनं अंघोळीला तीन तांबे घेतलेले मी कधी पाहिले नाहीत, दोनच. त्यातून ती काय वाचवत होती आणि कशासाठी, हे मला तेव्हा दिसलं नाही. मी विज्ञानात पहिली होते.

वैशाखात मामांचं वर्षश्राद्ध आलं. आत्याला नऊ-दहा दिवस तिकडं जायला लागणार होतं, श्राद्ध आणि कसल्याकसल्या सह्या. जाताना तिनं पेटी माझ्या हवाली केली. पंखे दिवसभर चालू ठेवायचे. बॅटरी एक दिवसाआड रशीदचाचांकडून भरून आणायची. दाणा चिमटीभर, दोनदा. काचेची एक बारीक नळी होती, ती पाण्यात सोडली की उभी तरंगायची, ती रोज एकदा बघायची. आणि पाणी उडून कमी झालं की काचेवरच्या लाल रेघेपर्यंत रोज भरायचं. हे शेवटचं सांगताना आई तिथं येऊन उभी राहिली, आत्याच्या डब्यात दशम्या बांधत. आत्या जरा अडखळली. म्हणाली, "पाणी तेवढं विसरू नको गो, रोज रेघेपर्यंत." आणि जीपमध्ये जाऊन बसली. कुठलं पाणी, हे तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही, कारण विचारायची गरजच काय होती. कोपऱ्यात निळा ड्रम भरलेला होता. समुद्रातल्या माशांना समुद्राचं पाणी. यात गोडं पाणी घालायचं म्हणजे रोज थोडा थोडा समुद्र पातळ करायचा, असा माझा शास्त्रीय विचार होता. शिवाय माठाला हात लागत नव्हता, त्यामुळं आईही खूश. तिनं शेवंतामावशीला माझ्यादेखत सांगितलं, "पोरीला समज हाय बरं का. खाऱ्याला खारंच घालती."

आठ दिवस मी समुद्र सांभाळला, आणि नुसता सांभाळला नाही, सुधारला. आत्या आल्यावर खूश व्हावी म्हणून वीज असेल तेव्हा जीपचे दोन पंखे आणि शिवाय टेबलफॅन, असे तिन्ही मी एकदम लावायची. पाणी छान गार राहायचं. ओहोटी आता बोटाची दोन बोटं झाली, आणि मी ड्रममधून तांब्यामागून तांब्या समुद्र ओतत राहिले. पंख्यांच्या पात्यांवर पांढरी खर जमली, भिंतीला मिठाची नक्षी उठली, ती मला शोभेची वाटली. काचेची नळी रोज जराजरा जास्त वर तरंगायला लागली. मी वहीत तिचं रोजचं माप लिहीत होते आणि मनात म्हणत होते, वर येते आहे, म्हणजे प्रगती आहे. ही वही माझ्याकडं अजून आहे. मुलं अभ्यासात कमी पडली की ती मी त्यांना दाखवत नाही.

नवव्या दिवशी सकाळी धाकला खाली, दगडाच्या कपारीत, एका अंगावर कलला होता. मादी त्याच्याभोवती फिरत होती, पण तिचा नारंगी रंग जुन्या रेशमासारखा विटला होता आणि कल्ले धापा टाकल्यासारखे उघडमीट करत होते. दाण्याकडं दोघांनी बघितलं नाही. मी पाण्यात हात घालून बघितला, पाणी गार होतं. पंखे बघितले, चालू होते. मग मी भीतीनं आणखी थोडं ड्रममधलं पाणी घातलं, म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर पाय दिला. अण्णा कचेरीत जायचे थांबले. आई भाकरी सोडून येऊन उभी राहिली. "उद्या वन्सं येतील," ती म्हणाली. उद्या दुपारच्या गाडीनं आत्या येणार होती, नवऱ्याचं श्राद्ध करून, आणि आम्ही तिला दारात काय दाखवणार होतो? ते दोन मासे मामांच्या हातचे होते. तेवढंच तिच्याजवळ उरलं होतं, आणि ते मी मारत होते, कशानं ते मला कळतही नव्हतं.

चुलीवर येसराची, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी होती. आम्ही सगळे पेटीसमोर बसलो, तिकडं आमटी आटली. वास आला तशी आई धावली, पळीनं हातावर घेऊन चाखली, आणि मी तिच्या मागं दारातच उभी होते म्हणून ऐकलं, ती स्वतःशीच म्हणाली, "आटली. मिठाचा खडा झाली." तिनं तांब्याभर पाणी ओतलं, ढवळलं, पळी हातात तशीच राहिली. मग ती माझ्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. ती माझ्या अंगावरून बैठकीत गेली, पातळाचा तुकडा बाजूला केला, आणि जी बाई मासळी बाजार चुकवायला मैलभर वळसा घ्यायची तिनं माशांच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

तिनं तोंड वाकडं केलं. मग ड्रमचं झाकण काढून त्यातलंही बोटभर चाखलं.

"ह्यात रोज काय घालतीस?"

"ड्रममधलं."

"दोन्ही सारखं लागाया पायजे मग. हे बग, ड्रमातल्याच्या दुप्पट खारट हाय पेटीतलं." तिनं पंख्याकडं बघितलं. "अगं, वाऱ्यानं पाणी उडतंय. मीठ उडून जातंय व्हय?"

मी उभी होते तिथं खाली बसले. नववीच्या पुस्तकात हे अख्खं एक पान होतं, आकृतीसहित, आणि पाणी जास्त खारं झालं की तसली नळी वर तरंगते हेही. मी ती आकृती पेन्सिलीनं, शेडिंग देऊन काढली होती.

अण्णा म्हणाले, "मग सुलू काय घालत होती?" आई आत गेली. माठाशेजारी दोन भरलेल्या घागरी होत्या. टँकर येऊन तीन दिवस झाले होते आणि पुढचा कधी हे कुणाला माहीत नव्हतं. त्या दोन घागरी आणि माठाच्या तळाला उरलेलं म्हणजे आम्हा तिघांचं प्यायचं पाणी, बस. आईनं त्यातली एक कमरेवर घेतली आणि बैठकीत आणून ठेवली. "एकदम न्हाई घालायचं. आमटीत एकदम गार वतलं तर ती फुटती. हे तर जीव हैत. तांब्याभर काढ, तांब्याभर घाल. दमानं."

तसं आम्ही सुरू केलं, आणि वीज गेली. जीपचे पंखे दोन मिनिटं फिरले, मंदावले, थांबले. बॅटरी भरून आणायची कालची पाळी होती, ती मी प्रगती लिहिण्याच्या नादात विसरले होते. अण्णा बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून भर उन्हात रशीदचाचांकडं निघाले. आई आणि मी राहिलो. पत्र्याचा ताप खाली उतरत होता, पाणी हळूहळू कोमट व्हायला लागलं होतं. मग आईनं अण्णांच्या फायलींचे दोन पुठ्ठे काढले, एक मला दिला. एका हातानं वारा, दुसऱ्या हातानं तांब्या. किती वेळ गेला कोण जाणे. पुठ्ठ्यांचा फटफट आवाज, घामाचे थेंब, छतावर पाण्याच्या जाळ्या मोठ्या व्हायच्या, लहान व्हायच्या. आई वारा घालताना पुटपुटत होती, आधी मला वाटलं देवाचं काही म्हणते आहे. जवळ वाकले तेव्हा ऐकू आलं. ती माशांना म्हणत होती, "ऱ्हावा रं बाबांनो. उंद्या ती येती. उंद्यापतूर ऱ्हावा."

रशीदचाचा स्वतःच आले, दुसरी भरलेली बॅटरी खांद्यावर घेऊन, अण्णा मागून सायकल ढकलत. चाचांनी तारा जोडल्या, पात्यांवरची खर नखानं खरवडली आणि म्हणाले, "भाबी, हे काय, पंख्याला लोणच्यात घातलंय का?" कुणी हसलं नाही, तर ते गप्प उकिडवे बसले आणि आमच्याबरोबर बघत राहिले. पहिली घागर संपली. दुसरी निम्म्यावर आली तेव्हा धाकल्यानं शेपटी हलवली. कपारीतून बाहेर आला, पुन्हा कलला, पुन्हा सरळ झाला. ऊन कलायच्या सुमाराला तो मादीच्या पोटाखाली जाऊन राहिला, जिथं तो नेहमी असायचा. आईनं घागरीचा तळ बघितला. मग माझ्या आठ दिवसांच्या शहाणपणातून वाचलेली माठातली शिल्लक होती, ती तिनं चार पेल्यांत सारखी वाटली. रशीदचाचांनी आपला पेला अण्णांच्या पेल्यात ओतला आणि म्हणाले, दुकानात पिऊन आलोय. ते खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर आत्याला आणायला मी एकटीच गेले. मीच म्हटलं, मी जाते. घरी पोचायच्या आत सांगायचं होतं. ती गाडीतून उतरली, चेहरा प्रवासानं पिवळा. रसवंतीच्या सावलीत ती पिशवीवर बसली आणि मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. ड्रमचं, तिन्ही पंख्यांचं, नळीचं, अर्धा समुद्र संपवला तेही, आणि मग मासे जिवंत आहेत हे. ते आधी सांगायला हवं होतं, पण त्या वयात मला वाटायचं गुन्हा आधी, जामीन मागून. आत्यानं डोळे मिटले.

"मीच सांगितलं नाही तुला," ती म्हणाली.

"का?"

"कशी सांगू? वहिनी समोर उभ्या होत्या. पहाटे सगळे उठायच्या आत मी तुमच्या माठातलं काढत होते गो. रोज चार-पाच तांबे. माझ्या अंघोळीचं तेवढं वाचवून परत ठेवायची, पण ते बोअरचं, वापरायचं. हे प्यायचं. हिशोब कसा बसणार त्याचा." ती थांबली. "दीर म्हणाले, आता इथंच राहा. वरची खोली देतो. पेटी मात्र आणू नकोस. मी म्हटलं, विचार करते." मग तिनं विचारलं, "काल पाणी कुठलं घातलंत?"

"प्यायचं. दोन घागरी. आईनं."

आत्या उठली. रसाचे पैसे मी दिले की तिनं, आठवत नाही. घरी आल्यावर ती पाय धुवायच्या आधी पेटीसमोर गेली, नळी सोडली, बघितली, आणि भिंतीला टेकून खाली बसली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तिथूनच म्हणाली, "वन्सं, चहा ठेवलाय, पण बिनपाण्याचा हाय. दुधाचाच प्या आज."

तिसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. गल्लीभर घागरी, हंडे, कळशा, रॉकेलचे डबे. टँकरवरचा माणूस पाइप धरून विचारत होता, घरात माणसं किती, आणि त्याप्रमाणं सोडत होता. आमची पाळी आली. आई पुढं, तिच्यामागं आत्या, मग मी.

"किती?"

"सहा," आई म्हणाली.

त्यानं मान वर केली. "मागल्या खेपंला चार सांगितली व्हती, मावशी."

"व्हती. आता सहा हैत."

मागं रांगेत शेवंतामावशी होती. तिला आमच्या घरातलं मीठसुद्धा माहीत असायचं. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. तिनं आपली कळशी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली आणि म्हणाली, "सहाच हैत की. म्या वळखते त्यांना. सोड पाणी, उन्हं चढाय लागली."

पाइप घागरीत पडला. बारा घागरी भरेपर्यंत आत्या खाली बघून एकेक पुढं सरकवत होती. शेवटची भरली तशी ती कमरेवर घेऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "वहिनी, ही कुठं ठेवू?"

"कुठं म्हंजी?" आई म्हणाली. "बैठकीत. त्यांच्या वाटची हाय ती."